यांगशुओला बोटीनं

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला बुधवार होता. सकाळी सव्वासातला अकोल्याहून प्रशांतचा, माझ्या भावाचा, फोन आला. बाबा गेले, तो म्हणाला. मी गॅस बंद केला. भारतातून इकडे येणारी विमानं त्याच आठवड्यात बंद झाली होती, गेले असते तर परत येता आलं नसतं. दुपारी नवऱ्यानं, सुमेधनं, त्याच्या मोबाइलवर अंत्यविधी लावून दिला. चार माणसं होती. चौघांनी प्लास्टिकचे कोट घातले होते. त्यातला प्रशांत कोणता, ते मला ओळखता आलं नाही. भन्तेजींनी फोनवरून त्रिसरण-पंचशील दिलं, आम्ही युट्रेख्टच्या घरात उभं राहून म्हटलं, आणि मग मी ऑफिसला कळवलं की आज मीटिंगला येणार नाही.

इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात. हिवाळाभर भारत साडेचार तास पुढे असतो, त्या रविवारपासून साडेतीन तास. बाबांना या गोष्टीचं मोठं अप्रूप होतं. भूगोलाचे शिक्षक ते. रेखावृत्तांवरून स्थानिक वेळ काढायला त्यांनी तीस-बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण एक अख्खा देश ठरवून तासभर सरकतो हे त्यांना माझ्यामुळे कळलं. दरवर्षी त्या दिवशी त्यांचा फोन यायचा. "आली काय तासभर जवळ?" एवढंच विचारायचे आणि हसायचे.

परवा पुन्हा घड्याळं पुढे झाली. मोबाइलमधलं आपोआप झालं. स्वयंपाकघरातलं स्टुलावर चढून मी केलं. खाली उतरले, स्टूल जागेवर ठेवलं आणि तिथेच बसून राहिले. खिडकीतून कालवा दिसतो. अ‍ॅमस्टरडॅमहून ऱ्हाइनकडे जाणाऱ्या मालवाहू बोटी त्यातून दिवसभर जात असतात. पाण्यात एवढ्या खोल बसलेल्या असतात की दुरून वाटतं, एखादी लांबट चाळच सरकते आहे. मागच्या टोकाला नाविकाचं घर असतं, खिडकीला पडदे, छपरावर मोटारगाडी, कधी दोरीवर वाळत घातलेले कपडे. यंदाचा वसंत नेहमीसारखाच आहे. चेस्टनटच्या कळ्या चिकट झाल्या आहेत. मला मात्र दोन वर्षांपूर्वीचा वसंत आठवतो आहे, ज्यात पाऊस जवळजवळ पडलाच नाही आणि आभाळात विमानाची एक रेघ नव्हती.

त्या वसंतात आम्ही चीनला गेलो होतो. म्हणजे बाबा, आई आणि मी. फोनवरून.

याची सुरुवात एका कॅलेंडरपासून झाली. माझ्या प्रयोगशाळेत लिन नावाची सहकारी आहे, दक्षिण चीनमधल्या ल्युझोऊ शहरातली. एकदा सुट्टीवरून येताना तिनं सगळ्यांसाठी भिंतीवरची कॅलेंडरं आणली. माझं मी त्या हिवाळ्यात अकोल्याला नेलं, कारण आमच्या घरी कॅलेंडर भेट देणं ही चांगली भेट समजतात. बाबांनी ते टेबलावर पसरलं आणि ऑक्टोबरच्या पानावर थांबले. हिरवट नदी, आणि तिच्या दोन्ही काठांवर सरळसोट उभे राहिलेले डोंगर, पंगतीत उठून उभी राहिलेली माणसं असावीत तसे. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"ही तर माझी आकृती आहे," ते म्हणाले.

चुनखडीच्या प्रदेशाचा धडा त्यांचा आवडता. पाणी दगड कसा विरघळवतं, गुहा कशा तयार होतात, छतातून लोंबणारे अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीतून वर येणारे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ, हे सगळं ते फळ्यावर रंगीत खडूंनी काढायचे. मीही त्यांच्या वर्गात बसून ते काढलं आहे. पण अकोल्याच्या आसपास सगळा काळा बेसाल्ट. "चुनखडी आपल्याकडे आहे, चंद्रपूरला," ते म्हणायचे, "पण ती सिमेंटात जाते." ज्या डोंगरांची आकृती त्यांनी हजारदा काढली, तसा एकही डोंगर त्यांनी पाहिला नव्हता. लिनला विचारून मी त्यांना सांगितलं की ती ली नदी आहे आणि चित्रातली जागा यांगशुओ नावाच्या गावाजवळ आहे. त्यांनी ते नाव पेन्सिलीनं कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलं.

"जाता येतं काय तिथं?" त्यांनी विचारलं. उभ्या आयुष्यात बाबांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

पुढचं वर्षभर मी अभ्यास केला. आमच्या घरात अभ्यास केल्याशिवाय कुणी काही करत नाही. आमच्या घराण्यातले पहिले पदवीधर बाबा. त्यांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज एक शिक्का नाही म्हणून परत आला आणि त्यांचं एक वर्ष गेलं. तेव्हापासून कुठलाही कागद तीनदा वाचायचा, प्रत्येक दाखल्याच्या दोन प्रती ठेवायच्या, खात्री झाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही त्यांची शिकवण. तिच्याच जोरावर मी इथवर आले. इथेही खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, मी खिडकीपाशी गेले की आतली बाई म्हणते, एवढे कागद नको होते.

यांगशुओला पोचायचे चार मार्ग मला सापडले. ग्वांगझूहून वेगवान रेल्वे, जी अडीच तासांच्या आत यांगशुओ नावाच्याच स्टेशनवर उतरवते. फक्त ते स्टेशन गावापासून दूर आहे, पुढे तासाभराची बस. दुसरा, विमानानं गुइलिन शहर आणि विमानतळावरूनच थेट बस. तिसरा, रेल्वेनं गुइलिन, तिथल्या बस स्थानकावरून यांगशुओची बस, दीडएक तास. चौथा मार्ग नदीचा. गुइलिनबाहेरच्या धक्क्यावरून सकाळी बोटी सुटतात आणि प्रवाहाबरोबर चार-साडेचार तासांनी यांगशुओच्या घाटाला लागतात.

मी हे सगळं कोष्टकात मांडून बाबांना पाठवलं. त्यांनी छापून घेतलं आणि फोन केला.

"पेपर चांगला सोडवला आहेस," ते म्हणाले. "उपलब्ध मार्ग सांगा आणि कोणताही एक सविस्तर लिहा. आपण चौथा लिहू."

"बोट?"

"डोंगर नदीनंच कापले ना. मग तिच्याचकडून पाहिले पाहिजेत."

मी नको म्हणाले. माझ्याकडे कारणं होती आणि ती चांगली होती. बोटीसाठी गुइलिनला एक मुक्काम वाढत होता. सकाळी सामान घेऊन तासभर लांबच्या धक्क्यावर जायचं. डेकवर जायला अरुंद जिना. कुणीतरी लिहिलं होतं की गर्दी असते, डेक ओला असतो आणि जेवण बेचव. बाबांचे गुडघे दुखायचे, आईला बोट लागण्याची भीती. रेल्वे स्वच्छ, वेळेवर, बसल्या जागी पोचवणारी. मी बोलत राहिले आणि बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं."

ऑक्टोबरमध्ये जायचं म्हणत होते ते. मी तेही पुढे ढकललं. आमच्या निवासी परवान्याचं नूतनीकरण चालू होतं, नवीन कार्ड हाती आल्याशिवाय देशाबाहेर पाय ठेवायची माझी तयारी नव्हती. शिवाय एप्रिलमध्ये नदीला पाणी चांगलं असतं, धुकं असतं, असं मी वाचलं होतं. ते खरंही आहे. कार्ड डिसेंबरमध्ये आलं. जानेवारीत लिननं तिच्या आईशी बोलून मला सांगितलं की सध्या तिकिटं काढू नकोस.

मग तो कोरडा, लखलखीत वसंत आला. सगळे घरात. मी स्वयंपाकघराच्या टेबलावरून काम करायचे. सकाळी नऊला, म्हणजे अकोल्यात साडेबाराला, जेवायच्या आधी बाबांचा फोन यायचा. एक दिवस त्यांना फार कंटाळा आलेला दिसला. वर्तमानपत्रही येत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, एप्रिल आहे. आपण यांगशुओला जायचं होतं ना? चला, निघू."

ते लगेच निघाले. पहिल्या दिवशी त्यांनी आईला बॅग भरायला लावली. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या विमानतळावर चहा प्यायलो. मी इकडून ग्वांगझूला पोचले आणि त्यांची वाट पाहत थांबले.

"जयभीम बाबा. उतरलात?"

"जयभीम. उतरलो. तुझ्या आईची बॅग येऊन नाही राहिली."

मागून आईचा आवाज, "माझीच काहून शेवटी येते?"

"तू त्यात लोणचं टाकलं. ते तपासून राहिले."

"मग सांगा त्यांना, घरचं आहे म्हणून."

इतकं हसलो आम्ही. बॅग आली. मेट्रोनं ग्वांगझूच्या दक्षिण स्टेशनवर गेलो. फलाट सापडला. मला त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "इथून गुइलिनची गाडी धरू. रात्री तिथं राहू. सकाळी बोट."

"बाबा, आपलं ठरलंय ना? तुमचे गुडघे."

"आता मनातल्या गुडघ्यांना काय होऊन राहिलं?"

"मनातले असले तरी तुमचेच आहेत."

मला वाटलं, मी छान बोलले. ते हसलेही. मग म्हणाले, "बरं. बसलो रेल्वेत. खिडकीची जागा दे फक्त."

मी त्यांना खिडकीची जागा दिली. माझी साडेनऊची मीटिंग होती. सव्वादोन तासांची गाडी आम्ही पंधरा मिनिटांत संपवली, स्टेशनवर उतरलो, बसमध्ये बसलो आणि मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी गावात पोचलो, हॉटेलच्या गॅलरीतून डोंगर पाहिले, त्यानंतर दोन-तीन दिवस इकडेतिकडे फिरलो आणि परत आलो. बोटीनं गेलो असतो तर एकेक वळण घेत तो प्रवास मे महिनाभर पुरला असता. रोज एक डोंगर. आज उजवा काठ, उद्या डावा. त्यांनी प्रत्येकाची घडण मला समजावली असती. मला वेळेची कुठलीही अडचण नव्हती, तिकिटाची नव्हती, जिन्याची नव्हती. न घडणाऱ्या प्रवासातसुद्धा मी त्यांना बोटीत बसू दिलं नाही.

मी बोलत असताना खिडकीबाहेरून बोटी जात होत्या. भोंगा ऐकू आला की बाबा विचारायचे, "आता कोणती?" आदल्या एका उन्हाळ्यात ते दोघं आमच्याकडे दोन महिने राहून गेले होते, तेव्हा ते रोज कालव्याकाठच्या बाकावर बसून बोटींची नावं वहीत उतरवायचे. त्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना पवनचक्क्या दाखवल्या, समुद्रातला बांध दाखवला. सगळे आपापल्या आईवडिलांना दाखवतात तेच. एकदा जेवताना त्यांनी विचारलं होतं, "इथं चुनखडी कुठं असेल गं?" मी म्हणाले, "बाबा, इथे दगडच नाही. सगळी वाळू आणि चिखल." तेव्हाही ते बरं म्हणाले.

ते गेल्यानंतरच्या सप्टेंबरात कामासाठी मला मास्ट्रिख्टला जावं लागलं. देशाच्या अगदी दक्षिणेला आहे ते. तोवर कधी गेले नव्हते. गावातल्या जुन्या भिंती पिवळसर, मऊ दगडाच्या. बोट लावलं तर पीठ निघेल असं वाटावं. शेजारी एक म्हातारी कुत्रं घेऊन उभी होती. मी भिंतीला हात लावलेला पाहून ती डचमध्ये म्हणाली, "आमच्याच टेकडीतला आहे. चुनखडी. आत मैलोनमैल बोगदे आहेत, शेकडो वर्षं खणत होते." टेकडीकडे कसं जायचं, मी विचारलं. "चालत जा. नाहीतर पुलापासून बोट सुटते."

युट्रेख्टहून मास्ट्रिख्टला थेट गाडी आहे. दोन तास लागतात. चीनच्या मार्गांचा मी वर्षभर अभ्यास केला होता. राहते त्या देशाचा नकाशा दक्षिणेपर्यंत एकदाही वाचला नव्हता. मी पुलापाशी गेले. बोट सुटायला वीस मिनिटं होती. माणसं रांगेत अंतर ठेवून उभी होती. मी बाजूला उभी राहिले, चढले नाही, आणि बोट सुटल्यावर स्टेशनकडे चालत आले.

हे मी लिनला सांगितलं. प्रयोगशाळा तेव्हा अर्धी उघडली होती, जेवणाच्या खोलीत एका टेबलाला एकच माणूस. ती दोन टेबलं सोडून बसली होती, त्यामुळे आम्हाला मोठ्यानं बोलावं लागत होतं. तीही दोन वर्षं आईला भेटली नव्हती. तिच्या वडिलांचं जाणंही तिनं स्क्रीनवरच पाहिलं होतं, त्याआधीच्या हिवाळ्यात. मी माझ्या कोष्टकाबद्दल बोलले, रेल्वेबद्दल, खिडकीच्या जागेबद्दल.

"कोणती रेल्वे? ग्वांगझूहून येणारी?" लिननं चमचा खाली ठेवला. "त्या खिडकीतून काय दिसणार? सगळे बोगदेच आहेत. बाहेर येतो म्हणेपर्यंत पुढचा. मी तर झोपते."

मग तिला कळलं असावं. "स्टेशनवर उतरल्यावर दिसतात डोंगर," ती म्हणाली. "खूप छान दिसतात."

माझ्या कोष्टकात वेळ होती, अंतर होतं, जिने किती ते होतं. काय दिसतं, हा रकाना नव्हता. ज्या माणसाला डोंगर पाहायचे होते, त्याला मी डोंगराच्या पोटातून नेत होते, तेही खिडकीशी बसवून.

डिसेंबरमध्ये अकोल्याला जाता आलं. नाकात काडी घालून, कागदांच्या तीन-तीन प्रती घेऊन. घरात बाबांचा फोटो बुद्धमूर्तीच्या डावीकडे होता. आई बारीक झाली होती. एका दुपारी आम्ही दोघी गच्चीवर वाळवण उचलायला गेलो. आमचा गच्चीचा जिना बाहेरून आहे, लोखंडी, अरुंद, अठरा पायऱ्यांचा. आई कठडा धरून चढत होती. मधेच थांबून म्हणाली, "तुझे बाबा रोज चढायचे हा. सकाळ-संध्याकाळ."

"कशाला? गुडघे दुखायचे ना?"

"त्या बोटीवर असाच जिना राहते म्हणे, वर जायला. त्यायनं मोबाइलमधी पाहिला होता. मी म्हटलं, काय करून राहिले या वयात, पडसान. तर म्हणे, प्रॅक्टिस आहे."

"पण आपलं रेल्वेचं ठरलं होतं."

"त्याच्यानंतरची गोष्ट आहे."

गच्चीवर पोचून मी वाळवणाचं कापड एका बाजूनं उचललं. आईनं दुसरं टोक धरलं.

"मग मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"मी म्हटलं होतं, सांगा पोरीले. तर म्हणे, तिनं कारणं देऊन उत्तर लिहिलं आहे. त्याच्यावर काट कशी मारू?" आईनं कापडाची घडी केली. "मास्तरच होते शेवटपर्यंत."

कारण दिलेल्या उत्तरावर ते कधी काट मारत नसत, चुकलेलं असलं तरी. समासात छोटा प्रश्न लिहायचे आणि मुलाला पुन्हा विचार करायला लावायचे. फलाटावर, पंख्याच्या आवाजात, त्यांनी मला तो प्रश्न विचारला होता. मी पुन्हा तेच उत्तर लिहिलं.

काळजी घेण्याबद्दल मी या दिवसांत बराच विचार करते. गुडघ्यांची काळजी खोटी नव्हती. पण माणसाची काळजी घेता घेता त्याचं म्हणणं ऐकायचं राहून जातं, आणि काळजी घेणाऱ्याला वाटत असतं की आपण त्याच्यासाठी किती करतो आहोत. दोन वर्षं साऱ्या जगानं एकमेकांची काळजी दीड मीटर लांब उभं राहून घेतली. माझं बाबांपासूनचं अंतर त्याच्याही आधीचं होतं. खात्री होईपर्यंत थांबायचं हे त्यांनी मला शिकवलं, आणि त्यांच्या एकुलत्या एका इच्छेवर मी ते वापरलं. ते स्वतः मात्र म्हातारपणी ती शिकवण सोडून अठरा पायऱ्यांवर कसलीही खात्री नसताना चढ-उतर करत होते. तिकीट नव्हतं, तारीख नव्हती, नंतर तर विमानंही नव्हती.

काल आईला फोन केला. घड्याळं पुढे झाल्याचं तिला सांगितलं नाही. तिला त्यात काही वाटत नाही. तुला कुठे जायचंय का, मी विचारलं. कुठेही.

"कुठं नाही," ती म्हणाली. "तूच ये. आली की राहा चांगली महिनाभर. मागच्या वेळेसारखी पळू नको."

मी कारण द्यायला तोंड उघडलं होतं. रजा, परवाना, सुमेधचं काम. मग हो म्हणाले. जूनचं तिकीट काढलं आहे. परत केलं तर पैसे न मिळणारं, एकदाच वाचून काढलेलं.

लिनला अजून घरी जाता आलेलं नाही. चीनची दारं बंद आहेत. ती म्हणते, उघडतील तेव्हा पहिल्यांदा गर्दी रेल्वेला होईल. यांगशुओला जायचे चारही मार्ग जागेवर आहेत, नदी आहे, डोंगर आहेत. बाबांना बोटीनं जायचं होतं आणि मी नको म्हणाले. एवढं राहिलं आहे.